डाव्या पायाचा हिशेब

पत्र: वय ३४, राहणार मुलुंड पूर्व. ऑफिस करी रोडला, जाणं-येणं लोकलने. घरात पहिली नवी गाडी येते आहे. ह्युंदाईची आय-ट्वेंटी एन लाइन नक्की केली आहे, पण मॅन्युअल की ऑटोमॅटिक यावर दोन महिने घरात वाद चालू आहे. वडिलांनी एकतीस वर्षं काळी-पिवळी पद्मिनी चालवली. ते म्हणतात, ‘ऑटोमॅटिक घे, माझा गुडघा बघ.’ मेव्हणा म्हणतो, मुंबईत मॅन्युअल घेणारा माणूस वेडा. मित्रांचा रविवारी पहाटे माळशेजला जाणारा ग्रुप आहे; त्यांचं म्हणणं, स्पोर्टी गाडी ऑटोमॅटिक घेणार असशील तर सरळ स्कूटर घे. गाडी महिन्यातून दोन रविवार घाटात जाईल, एखादा शनिवार बोरिवलीला सासरी, आणि दर बुधवारी संध्याकाळी बायको माझ्या आईला नौपाड्याला फिजिओथेरपीला नेईल. बायकोचं म्हणणं एवढंच, ‘कुठलीही घे, फक्त मला चालवता आली पाहिजे.’ दसऱ्याला गाडी दारात हवी. काय करू?
— न्यूट्रलमध्ये अडकलेला

न्यूट्रलराव,

तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही दुसऱ्याच वाक्यात सांगून टाकलीत आणि मग स्वतःच विसरलात. तुम्ही ऑफिसला लोकलने जाता.

मेव्हण्याचा सगळा युक्तिवाद मुंबईच्या ट्रॅफिकवर उभा आहे, आणि ट्रॅफिकबद्दल तो खोटं बोलत नाही. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर संध्याकाळी सातला जो माणूस मॅन्युअल गाडीत बसलेला असतो, त्याच्या चेहऱ्याकडे एकदा बघावं. पण तुम्ही त्या वेळी तिथे नसताच. तुम्ही दादरला गाडी बदलून, खांद्यावरची सॅक पोटाशी धरून, मुलुंडच्या दिशेने उभे असता. जे ट्रॅफिक आपल्या वाट्याला येतच नाही, त्याच्यासाठी लाखभर रुपये जास्त मोजायचे का, हा पहिला प्रश्न.

मी तुमच्या पत्रावरून हिशेब मांडला. दोन रविवार, प्रत्येकी सहा तास धरा, म्हणजे बारा तास. कल्याण पार केलं की पहाटे रस्ता मोकळा असतो. मुरबाडनंतर तर गाडी चालवायला खरोखरच रस्ता मिळतो. बोरिवलीचा शनिवार: घोडबंदरने जा नाहीतर लिंक रोडने, जाऊन-येऊन तीन-साडेतीन तास, बहुतेक रांगत. आणि बुधवार. मुलुंड ते नौपाडा अंतर ते केवढं! पण संध्याकाळची वेळ, जाताना-येताना मिळून दीड तास. चार बुधवार म्हणजे सहा तास.

आता बघा, महिन्याला तुंबलेल्या रस्त्यातले साडेतीन तास तुमचे आणि सहा तास बायकोचे. मजा रविवारी तुम्ही करणार, क्लच बुधवारी ती दाबणार. बाबा, मेव्हणा, मित्र सगळे तुमच्या डाव्या पायाबद्दल बोलताहेत, आणि ज्या पायावर खरा भार येणार आहे त्याची मालकीण पत्रात शेवटून तिसऱ्या ओळीत आहे. तिच्याकडे परत येतो. आधी बाकीच्यांचं ऐकून घेऊ.

बाबांचं म्हणणं उडवून लावू नका, पण ते कुठल्या गाडीबद्दल बोलताहेत ते लक्षात घ्या. पद्मिनीचा गिअर स्टेअरिंगच्या दांड्यावर, चार गिअर, आणि जुन्या टॅक्सीत तो पडला की नाही हे हाताला कळायच्या आधी कानाला कळायचं. क्लच असा की नवखा माणूस सीटवरून उठून दाबायचा. त्यावर दिवसाला दहा-बारा तास. २००३ साली पद्मिनी टॅक्सीची नोंदणी थांबली, आणि ३० ऑक्टोबर २०२३ला वीस वर्षांची मुदत भरून शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. तुमच्या घरात तो दिवस कसा गेला असेल याची कल्पना येते. बाबांच्या गुडघ्याने जे सोसलं ते खरं आहे. पण त्यांनी एका महिन्यात जेवढा क्लच दाबला तेवढा तुम्ही अख्ख्या वर्षात दाबणार नाही, आणि आजच्या छोट्या गाडीचा क्लच त्या मानाने लोणी आहे.

मित्रांचं मात्र साफ चुकलंय. ‘स्पोर्टी म्हणजे मॅन्युअल’ हे वाक्य निदान १९८९पासून शिळं आहे. त्या वर्षी फॉर्म्युला वनच्या ब्राझील ग्रां प्री शर्यतीत फेरारीने स्टेअरिंगमागच्या पॅडलने गिअर बदलणारी गाडी उतरवली आणि नायजेल मॅन्सेलने पहिल्याच शर्यतीत ती जिंकून दाखवली. आज तर मुद्दाच उरलेला नाही. बीएमडब्ल्यूची एम-टू २०२३मध्ये नव्या रूपात आली, तेव्हा कंपनीचेच आकडे होते: शून्य ते शंभर ऑटोमॅटिकला ४.१ सेकंद, मॅन्युअलला ४.३. माणसाचा हात कितीही चपळ असला तरी यंत्राच्या मागेच राहणार. वेग हवा असेल तर ऑटोमॅटिक घ्या, वाद संपला.

पण गंमत इथेच आहे. पोर्शेने २०१३ची नाइन-इलेव्हन जीटी-थ्री फक्त दोन क्लचच्या ऑटोमॅटिकमध्ये आणली. जास्त वेगवान, बिनचूक. गिऱ्हाइकांनी कुरकुर केली आणि २०१७मध्ये कंपनीला मॅन्युअल परत द्यावा लागला. मागणारे लोक काही हळू चालवायला उत्सुक नव्हते; त्यांना हाताला काम हवं होतं.

तुमच्या गाडीचीही अशीच छोटी गोष्ट आहे. २०२१मध्ये एन लाइन आली तेव्हा ऑटोमॅटिकच्या जोडीला तिच्यात आयएमटी नावाचा मधला मार्ग होता: गिअरचा दांडा आहे, पण क्लचचं पेडल नाही. दांड्याला हात लावला की गाडी स्वतःच क्लच सोडवते. कागदावर झकास. मी ती चालवली होती. डावा पाय सारखा काहीतरी शोधत राहायचा, जिना संपल्यावरही आपण आणखी एक पायरी उतरायला जातो तसा. २०२३च्या नव्या रूपात ते जाऊन साधा सहा गिअरचा मॅन्युअल आला, तीन पेडलवाला. म्हणून तर तुम्हाला आज हा प्रश्न पडू शकतो.

आता मेव्हणा. त्याला आधी विचारा, तुझी ऑटोमॅटिक कुठली? आपल्याकडे ‘ऑटोमॅटिक’ या एकाच शब्दात चार वेगळ्या जाती कोंबलेल्या आहेत. एएमटी म्हणजे मॅन्युअलच गिअरबॉक्स, फक्त क्लच आणि दांडा यंत्र चालवतं. स्वस्त, आणि गिअर बदलताना सगळ्यांच्या माना एकदम डोलतात. सीव्हीटीत गिअरचे टप्पेच नसतात, मऊ चालते, पण जोरात दाबलं की इंजिन आधी ओरडतं आणि गाडी मागून येते. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिन आणि चाकांच्या मध्ये तेल फिरत असतं, त्यामुळे रांगायला सगळ्यात सहनशील. आणि तुमच्या गाडीत आहे डीसीटी, सात गिअर, दोन क्लच. एका क्लचवर एक-तीन-पाच-सात, दुसऱ्यावर दोन-चार-सहा. तुम्ही तिसऱ्यात असता तेव्हा चौथा आधीच लावून ठेवलेला असतो, आणि बदल म्हणजे फक्त एका क्लचने दुसऱ्याच्या हातात काम देणं. म्हणून तो इतका झटपट. घाटात पॅडलने गिअर खाली आणलात तर खोटं कशाला बोला, मजा येते.

पण हे दोन्ही क्लच कोरडे आहेत. तेलात बुडालेले नाहीत, हवेवर थंड होतात. गाडी चालण्याच्या वेगाने रांगते तेव्हा क्लच अर्धवट लागलेला असतो. म्हणजे जो हाफ क्लच तुम्ही मॅन्युअलमध्ये पायाने धरता, तोच इथे यंत्र धरून बसलेलं असतं, आणि घासणारं तापतं. म्हणून ‘ट्रॅफिकसाठी ऑटोमॅटिक’ हा सल्ला मेव्हण्याच्या गाडीला (ती टॉर्क कन्व्हर्टरची असेल तर) जसाच्या तसा लागू होतो, तुमच्या गाडीला जरा सांभाळून. पाय सुटतो हे खरं, पण गाडीचा क्लच सुटत नाही.

डीसीटी घेतलीत तर काय करायचं ते इथेच सांगून टाकतो. पुढची गाडी हातभर सरकली म्हणून आपण हातभर सरकायचं नाही. दोन गाड्यांची जागा होऊ द्या, मग ब्रेक पूर्ण सोडून नीट पुढे जा आणि नीट थांबा. मध्ये एखादी रिक्षा घुसेल. घुसू द्या. चढावर ॲक्सिलरेटरच्या जोरावर गाडी तोलून धरायची नाही, ब्रेकवर ठेवायची. थांबायचं असेल तर ब्रेक पूर्ण दाबायचा. अर्धवट ब्रेकवर गाडी ढकलत राहिली की क्लच बिचारा मधल्या मध्ये रगडला जातो. आणि वाढीव वॉरंटी घ्या, तिथे कंजूषी नको. मॅन्युअलची क्लच प्लेट गेली तर कोपऱ्यावरचा मेकॅनिकही बदलून देतो. दोन क्लचचं आणि त्यांना चालवणाऱ्या यंत्रणेचं काम मुदत संपल्यावर निघालं तर खिसा चांगलाच हलका होतो.

मॅन्युअलचीही बाजू सगळी गोड नाही, आणि ही गोष्ट शोरूममध्ये कुणी सांगणार नाही. तुमचं इंजिन एक लिटरचं, तीन सिलिंडर, टर्बो (म्हणजे इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारा पंखा). ताकद १२० पीएस, ओढायचा जोर १७२ न्यूटन-मीटर. पण तो १७२चा जोर १५०० आरपीएमच्या, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला १५०० फेऱ्यांच्या, पुढे मिळतो. त्याखाली टर्बो जागा झालेला नसतो आणि गाडी नुसती एक लिटरची असते. एलबीएस मार्गावर स्पीडब्रेकर उतरून दुसऱ्या गिअरमध्ये पाय दिलात की क्षणभर काहीच होत नाही, मागचा हॉर्न वाजवतो, आणि मग गाडी एकदम उसळते. उपाय एकच, पहिल्यावर या नाहीतर हाफ क्लच. बाबांच्या पद्मिनीला पिकअप नव्हता, पण जो होता तो खालपासून सरळ होता. हे नवं इंजिन शहरात हळू चालवायला थोडं हट्टी आहे. डीसीटी हे सगळं स्वतः निस्तरते, अधूनमधून विचारात पडते तेवढंच.

माझी एक फजिती सांगतो. भांडुपला राहायचो तेव्हा एक सेकंडहँड हॅचबॅक होती, क्लच दगडासारखा. जुलैची संध्याकाळ, सायनहून घरी यायला तीन तास लागले. सोसायटीच्या पोडियमला, म्हणजे वरच्या पार्किंगला, जाणारा रॅम्प उभाच्या उभा, वर शेवाळ. अर्ध्यावर पोचलो आणि पुढची गाडी थांबली, तिचा मालक काच खाली करून वॉचमनशी बोलत होता. मी हाफ क्लचवर धरली. डावी मांडी आधी जड झाली, मग थरथरायला लागली, शिवणयंत्राची सुई चालते तशी. स्टेअरिंगही तिच्याबरोबर थरथरत होतं. गाडीत तो वास आला, जळक्या रबराचा आणि करपलेल्या दुधाचा मधला, ज्यांनी क्लच जाळलाय त्यांना माहीत असतो. पाय सुटला, गाडी हातभर मागे आली. मागे दुसऱ्या मजल्यावरचे काका स्कूटरवर होते. ठोकली नाही. त्यांनी हॉर्नही वाजवला नाही, नुसतं बघितलं. ते जास्त लागलं.

त्या दिवशी हँडब्रेक ओढायचं साधं सुचलं नाही, जे ड्रायव्हिंग स्कूलमध्ये पहिल्या आठवड्यात शिकवतात. तुमच्या गाडीत चढावर क्षणभर ब्रेक धरून ठेवणारी सोय आहे, त्यामुळे इतकी नाचक्की होणार नाही. पण मुलुंड पूर्वेला रीडेव्हलपमेंटमध्ये उभ्या राहिलेल्या इमारतींचे रॅम्प मी पाहिले आहेत. तुमचाही तसा असेल तर गाडी तिथे जाऊन बघितल्याशिवाय काहीही ठरवू नका.

आता बायको. ‘मला चालवता आली पाहिजे’ या वाक्याचा अर्थ घरात सगळ्यांनी ‘तिच्यासाठी ऑटोमॅटिक’ असा लावलेला दिसतो. तिने तसं म्हटलेलं नाही. लायसन्स तिचं आहेच, आणि आपल्याकडे ऑटोमॅटिकचं वेगळं लायसन्स नसतं, म्हणजे ती बहुधा मॅन्युअलवरच शिकली असणार. कदाचित तिला मॅन्युअल आवडतही असेल. कदाचित तिला तुमच्या आईला मागे बसवून रॅम्पवर हाफ क्लच धरायची मुळीच हौस नसेल. हे तिला विचारलंय कुणी? दोन महिने चाललेल्या वादात तिचं मत म्हणून मला पत्रात ती एकच ओळ सापडली.

आईंचाही थोडा विचार करा. फिजिओथेरपी करून परतणाऱ्या बाईला धक्के नको असतात. मॅन्युअल गाडी नीट चालवली तर पाण्यासारखी जाते आणि घाईत चालवली तर प्रत्येक गिअरला मान पुढे-मागे. हे गाडीवर नाही, चालवणाऱ्यावर आहे, आणि बुधवारी चालवणारे तुम्ही नाही.

तर माझा कौल, एका अटीवर: मॅन्युअल.

तुमच्यापुरतं म्हणाल तर हिशेब सरळ आहे. साडेतीन तासांच्या रखडपट्टीसाठी बारा तासांची मजा सोडू नये. माळशेजच्या वळणांवर, पावसाळ्यात धुकं खाली उतरलेलं, समोर दहा-पंधरा मीटरच दिसतंय, तिसऱ्यावरून दुसऱ्यावर आणताना ॲक्सिलरेटरला हलकासा टोला देऊन क्लच सोडलात आणि गाडीला धक्का जाणवलाही नाही, की जे वाटतं ते कुठल्याही पॅडलने वाटत नाही. शेजारी बसलेल्याला कळतही नाही. उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनच गाडी धरतं, ब्रेक गार राहतात (डीसीटीतही पॅडलने हे करता येतं, पण लोक डी मध्ये ठेवून, म्हणजे गिअर गाडीवरच सोपवून, ब्रेकवर पाय टाकून उतरतात आणि खाली पोचेपर्यंत चाकांचा वास सुटतो). आणि जो लाख वाचेल त्यात चांगले टायर आणि वर्षभराचं पेट्रोल येईल.

अट बायकोची. शोरूमच्या टेस्ट ड्राइव्हवर विसंबू नका. ते लोक दुपारी तीनला बोलावतात, ठरलेला मोकळा रस्ता, शेजारी सेल्समन, एसी फुल, दहा मिनिटांत परत. त्यातून दोन्ही गाड्या छानच वाटतात. सेल्फ ड्राइव्हवाल्यांकडून एका आठवड्यात मॅन्युअल आणि पुढच्या आठवड्यात डीसीटी घ्या. हीच गाडी नाही मिळाली तर साधी आय-ट्वेंटी चालेल. ड्रायव्हिंग तेच नसेल, पण पायाला अंदाज येईल. मात्र दर वेळी बुधवार संध्याकाळ त्यात यायला हवी. बायको चालवेल, आई मागे बसतील, तुम्ही बरोबर जायचं नाही. तुम्ही शेजारी बसलात की ‘क्लच सोड, क्लच सोड’ करणार, आणि मग ती गिअरबॉक्सला नाही, तुम्हाला कंटाळेल. रोज घालते त्याच चपला पायात. नौपाड्याचं पार्किंग, येताना रॅम्प, स्टॅक पार्किंग असेल तर त्या वरच्या फळीवर गाडी चढवणं, सगळं तिनेच करायचं.

घरी आल्यावर काय वाटलं ते विचारू नका. दोन्ही गाड्या झाल्या की त्यानंतरच्या बुधवारी मॅन्युअल पुन्हा आणून ठेवा; तिने स्वतःहून किल्ली घेतली तर मॅन्युअल बुक करा. ‘आज रिक्षाने जाते’ म्हणाली तर डीसीटी बुक करा, आणि मित्रांना सांगा की पोर्शेचे इंजिनिअर तुमच्या बाजूने आहेत. अर्ध्या मनाने घेतलेली ऑटोमॅटिक आणि रविवारी ग्रुपमध्ये तिच्याबद्दल माफी मागणारा मालक, असं व्हायला नको; ती गाडीही चांगली आहे.

एक शक्यता राहिली. करी रोडचं ऑफिस उद्या अंधेरीला हललं आणि तुम्हाला रोज लिंक रोड घ्यावा लागला, तर वरचा सगळा हिशेब उलटतो. मग बाबांचं ऐका, आणि मॅन्युअल विकायला जराही लाजू नका.

दसऱ्याला हवी म्हणता, तर नवरात्रात शोरूमला जाऊन भागणार नाही. त्या दिवशी अर्ध्या मुंबईला गाडी हवी असते, आणि मनातला रंग आणि मनातला गिअरबॉक्स एकाच गाडीत वेळेवर मिळणं हे नशिबाचं काम. बुकिंग आधी करावं लागेल, बाबा पितृपक्षात नको म्हणत असतील तर त्याच्याही आधी. म्हणजे तुमच्याकडे फार बुधवार नाहीत. या आठवड्याची गाडी आजच सांगून ठेवा, मॅन्युअल आधी.